तेलाचा हिशेब, गोरखीच्या दारातून

१२ नोव्हेंबर १९७३. संसदेच्या हिवाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. मोटारींच्या गर्दीतून एक बैलगाडी संसद भवनाकडे निघाली होती आणि तिच्यावर जनसंघाचे नेते अटलबिहारी वाजपेयी बसले होते. पेट्रोल आणि रॉकेलचे भाव सरकारने एकदम चढवले होते, त्याचा हा निषेध. महिनाभरापूर्वी पश्चिम आशियात युद्ध पेटलं होतं, अरब देशांनी तेलाच्या तोट्या आवळल्या होत्या आणि जगभरच्या पंपांवर त्याचे धक्के बसत होते. पेट्रोल वाचवा हे लोकांना पटवण्यासाठी पंतप्रधान इंदिरा गांधी त्याच दिवसांत घोड्याच्या बग्गीतून फिरल्या होत्या. म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही मोटार सोडून जनावरांचा आधार घेतला होता, कारणं मात्र वेगळी.

बैलगाडीवरचा तो माणूस ग्वाल्हेरचा. वडील शिक्षक, आणि मुलाचं शिक्षण गोरखीच्या शाळेत झालेलं.

गोरखी म्हणजे लष्करातल्या महाराज वाड्याला, ग्वाल्हेरचे लोक म्हणतात तसं ‘बाड्याला’, लागून असलेलं जुनं आवार. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तंबूंच्या जागी घरं उठली आणि छावणीचं नावच शहराला चिकटलं: लष्कर. जयाजीरावांनी १८७४ मध्ये जयविलास बांधेपर्यंत शिंद्यांचा दरबार गोरखीतल्या राजवाड्यात भरत असे. देवघर आजही तिथेच आहे आणि दसऱ्याला घराण्यातली मंडळी तिथे पूजेला येतात. दरबार उठल्यावर दालनांमध्ये कचेऱ्या आल्या, शाळा आली, स्वातंत्र्यानंतर कलेक्टर कचेरीही बरीच वर्षं इथेच होती. भोवतालच्या वस्त्यांची नावं अजून मराठी सरदारांची आठवण सांगतात: पाटणकर बाजार, फालका बाजार, निंबाळकर की गोठ, शिंदे की छावनी.

या आवाराच्या दारात उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. दाल बाजारातून पोती उचलणारा, लोहिया बाजारातून सळया आणि पत्रे पोचवणारा, सराफ्याच्या मागच्या गल्लीत लग्नाच्या मांडवाचं सामान उतरवणारा, असा जो कोणी छोट्या मालगाडीचा मालक असेल, त्याच्या डोक्यात तो घोळत असतो. पेट्रोलची गाडी काढून डिझेलची घ्यावी का? चहाच्या टपरीवर यावर तासभर वाद होतो. एकाचं म्हणणं, डिझेल म्हणजे ॲव्हरेज. दुसऱ्याचं म्हणणं, नव्या डिझेल गाडीचा खर्च काढलास का? दोघांजवळही आकडे असतात आणि दोघांचेही आकडे खरे असतात.

हा वाद जुना आहे. ग्वाल्हेरसारख्या शहरात तो चार-पाच पिढ्या चाललेला आहे आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर गाडीमालकाच्या वहीत लिहिलं गेलं असलं, तरी ठरलं दुसरीकडेच: कधी जर्मनीत, कधी इगतपुरीत, कधी दिल्लीच्या अर्थखात्यात. म्हणून आजचा निर्णय घेण्याआधी ही मागची पानं उलटून पाहायला हवीत.

पहिलं पान रुळांचं. माधवराव शिंद्यांना, म्हणजे जयाजीरावांच्या मुलाला, यंत्रांचं विलक्षण वेड होतं. जयविलासमधल्या जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची विजेची गाडी पर्यटक आजही कौतुकाने पाहतात. तिच्यातून पाहुण्यांना मद्य आणि सिगार पोचत आणि सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबे. पण त्यांचं खरं काम टेबलाबाहेरचं होतं. १८९९ च्या सुमारास ग्वाल्हेरहून भिंड आणि शिवपुरीकडे दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाड्या धावू लागल्या. पुढे तिसरा फाटा निघाला, जौरा, सबलगढ करत १९०९ मध्ये श्योपूरला पोचला. जवळपास दोनशे किलोमीटरचा हा मार्ग जगातल्या सर्वांत लांब दोन-फुटी मार्गांपैकी एक.

दोनच फूट का? कारण चंबळच्या खोऱ्यात माल थोडा, वस्ती विरळ, नाले-ओहोळ भरपूर. रुंद रूळ टाकायचा तर पूल मोठे, भराव मोठे, इंजिन मोठं आणि एवढा खर्च भरून निघेल इतकं भाडं नाही. बोजा किती आणि फेऱ्या किती, हे आधी पाहून मग गाडी निवडली गेली. संस्थानिकाच्या हौसेची म्हणून या रेल्वेची गोष्ट सांगितली जाते, पण तिच्या रुंदीत चोख हिशेब होता. तो हिशेब इतका बरोबर होता की ती गाडी २०२० च्या मार्चपर्यंत, टाळेबंदी लागेपर्यंत, छतावर माणसं घेऊन त्याच वाटेने जात राहिली.

दुसरं पान पेट्रोलचं आणि त्यावरही ग्वाल्हेरचं नाव ठळक आहे. स्वातंत्र्यापूर्वी दिल्ली शहरात बस चालवणारी कंपनी कोणती होती? ग्वालियर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी. राजधानीतली माणसं कचेरीला जात ती ग्वाल्हेरचं नाव लावलेल्या गाडीतून. मे १९४८ मध्ये केंद्र सरकारने ही सेवा अपुरी ठरवून स्वतःच्या हातात घेतली आणि आजच्या दिल्ली परिवहन निगमाची सुरुवात तिथून झाली. त्या काळातल्या बहुतेक हलक्या बसगाड्या आणि लॉऱ्या पेट्रोलवर चालत. इंजिन अमेरिकी किंवा इंग्रजी घडणीचं, हलकं, हँडल मारलं की सुरू होणारं, आणि बिघडलं तर गावातल्या मिस्त्रीला प्लग, पॉइंट, कार्बोरेटर एवढंच पाहावं लागे.

स्वातंत्र्यापूर्वीच्या त्याच काळात दुसरं महायुद्ध आलं. १९४१ मध्ये पेट्रोलवर रेशन लागलं आणि देशभरच्या बसमालकांनी गाडीच्या मागे किंवा बाजूला लोखंडी भट्टी जोडली. तिच्यात लोणारी कोळसा पेटवायचा, त्यातून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा. चढ आला की ताकद कमी पडे, उतारूंना खाली उतरून ढकलावं लागे. जुन्या पिढीच्या आठवणींत ‘कोळशाची बस’ असते ती हीच. इंधन बदलण्याचा हा पहिला मोठा अनुभव, आणि तो कोणीही हौसेने घेतला नव्हता. तेल मिळत नाही म्हटल्यावर जे जळेल ते जाळायचं, एवढाच मार्ग होता.

डिझेल आपल्याकडे रस्त्यावर येण्याआधी विहिरीवर आलं. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स काढली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या कानात डिझेलचा आवाज बसला तो मोटेच्या जागी आलेल्या या इंजिनाचा: संथ, जड, एकेक ठोका मोजता येईल असा. ‘क्रूडवर चालणारं’ असं लोक म्हणत. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढला. मद्रासला सिम्पसन कंपनी पर्किन्सची डिझेल इंजिनं बनवू लागली. आणि दहा-पंधरा वर्षांत जड ट्रक म्हटलं की डिझेलच, हे ठरून गेलं.

का ठरलं, ते समजायला इंजिनाच्या पोटात डोकवावं लागतं. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबून त्याला प्लगची ठिणगी देतात. फार दाबलं तर मिश्रण ठिणगीआधीच पेटतं आणि इंजिन खडखडतं, म्हणून जुन्या इंजिनांत ते जेमतेम सात पट दाबत. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९० च्या दशकात वेगळी वाट काढली. नुसती हवा घ्यायची आणि पंधरा-वीस पट दाबायची. ती इतकी तापते की नोझलमधून तेलाचा फवारा पडताच आपोआप पेट घेतो. ठिणगी नको, प्लग नको. जास्त दाबामुळे त्याच थेंबातून जास्त काम निघतं. शिवाय एक लिटर डिझेलचं वजनच पेट्रोलहून जास्त असतं, त्यामुळे लिटरमागे ऊर्जाही दहाएक टक्के जास्त. आणि अर्ध्या पायावर चालताना पेट्रोलच्या इंजिनाला हवा ओढून घ्यायलाच कष्ट पडतात, ते डिझेलला पडत नाहीत. बाजारातल्या गर्दीत सरकत जाणाऱ्या गाडीला हा फायदा जाणवतो.

याची किंमतही असते. एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक जाड, क्रँक जाड, बॅटरी मोठी, पंप-नोझल अगदी नेमकं. गाडी महाग आणि वजनदार.

आता सर्वांत रसाळ पान, जीपचं.

महिंद्र बंधूंनी १९४५ मध्ये कंपनी काढली आणि १९४७ पासून मुंबईत विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली. माझगावच्या कारखान्यातून निघालेली ती पेट्रोल जीप देशभर पसरली: सैन्यात, जंगलखात्यात, तालुक्याच्या कचेरीत, चंबळच्या बेहडात दरोडेखोरांच्या मागावर असलेल्या पोलिसांकडे. मागची बाकं काढली की ती मालगाडी, लावली की सवारी. ‘पिकअप’ हा शब्द रूढ होण्याआधी आपल्याकडचा पिकअप म्हणजे ट्रेलर जोडलेली नाहीतर मागून उघडी केलेली जीपच. तिचं चार सिलिंडरचं इंजिन दणकट होतं, पण तहान मोठी. लिटरला सात-आठ किलोमीटर मिळाले तर मालक खूश. पेट्रोल स्वस्त होतं तोवर कोणाला फिकीर नव्हती.

१९७३ ने ते चित्र पालटलं. बैलगाडीवरचे वाजपेयी वर्तमानपत्रात झळकले तेव्हा देशभरच्या गॅरेजांत एक मोठा उद्योग रंगात येत होता. पेट्रोल जीपचं इंजिन काढायचं आणि तिथे डिझेलचं बसवायचं. हाताला मिळेल ते: ट्रॅक्टरचं, पर्किन्सचं, जुन्या पंपसेटच्या जातीचं काहीही. इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे वाढवायचे. चेसिसला नवे ब्रॅकेट मारायचे. गिअरबॉक्सला जोडायला मधली प्लेट लेथवर कातून घ्यायची. आणि मग आरटीओत जाऊन आरसी बुकात इंजिनाचा नंबर आणि इंधनाचा रकाना बदलून घ्यायचा, कारण तो बदलल्याशिवाय गाडी कायद्याने बेवारशी. ट्रॅक्टरचं इंजिन सावकाश फिरणारं, जीपचे गिअर मात्र भराभर फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी कातलेले. त्यामुळे गाडीचा वेग मंदावे आणि स्टिअरिंगपासून दारापर्यंत सगळं थरथरे. आरशात मागचं दिसत नसे, नुसती रेघ हलताना दिसे. तरी लोक बदलत होते. महिन्याच्या तेलाच्या बिलात जो फरक पडे, त्यापुढे थरथर कोण मोजतो?

कंपनीने हे पाहिलं. महिंद्रांच्याच घरात ट्रॅक्टर होता. इंटरनॅशनल हार्वेस्टरशी १९६३ मध्ये झालेल्या भागीदारीतून कांदिवलीला बी-२७५ ट्रॅक्टर बनत होता. त्याच घराण्याचं २३५० सीसीचं डिझेल इंजिन सत्तरच्या दशकाच्या मध्यावर जीपमध्ये बसवून विकायला काढलं. गल्लीतल्या मिस्त्रीने जे आधी करून दाखवलं, ते कारखान्याने मागून केलं. भारतीय मोटार उद्योगाच्या इतिहासात या बिननावाच्या मिस्त्रींना जेवढी जागा मिळायला हवी होती, तेवढी अजिबात मिळालेली नाही. लेथ, वेल्डिंग आणि कानाचा अंदाज एवढ्यावर त्यांनी एका पिढीचा धंदा तगवला.

पण ट्रॅक्टरचं इंजिन ते ट्रॅक्टरचंच. खरी मजल मारली १९८१ मध्ये, इगतपुरीला. महिंद्रांनी तिथे इंजिनांचा कारखाना उभारून फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं एक्सडीपी डिझेल इंजिन बनवायला घेतलं: २११२ सीसी, वाहनासाठीच घडवलेलं, ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी गोड चालणारं. इगतपुरी या गावाला इंधनबदलाची सवय जुनी. थळघाटाच्या माथ्यावरच्या या स्टेशनपर्यंत मुंबईकडून १९३० पासून विजेची गाडी येई आणि पुढे वाफेचं इंजिन जोडलं जाई. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल इथूनच भुसावळ, इटारसी, झाशी करत ग्वाल्हेरला पोचते. लष्करातल्या कित्येक मराठी कुटुंबांनी माहेर-सासर याच गाडीने जोडलं. इंजिन बदलताना फलाटावर उतरून चहा प्यायलेली माणसं ज्या गावाला ओळखत होती, त्याच गावातलं डिझेल इंजिन आता त्यांच्या दारातल्या जीपमध्ये आलं. एमएम-५४०, कमांडर, पुढे मार्शल: उत्तर मध्य प्रदेशातल्या वाटांवर हीच नावं दिसू लागली.

त्या इंजिनाचं एक दृश्य जवळून पाहण्यासारखं होतं. ग्वाल्हेरची जानेवारी कडक असते. धुक्यात किल्ला बुडालेला, पहाटेचे सहा वाजलेले. चालक किल्ली अर्धी फिरवतो आणि थांबतो. डॅशबोर्डवर एक नारिंगी ठिपका पेटतो. आत प्रत्येक सिलिंडरमागे एक छोटी तार तापून लाल होत असते, लोक तिला हीटर म्हणतात. घाई केली तर इंजिन नुसतं घरघरतं, पांढरा धूर ओकतं आणि बॅटरी बसते. म्हणून चालक हात चोळत वाट पाहतो, ठिपका विझला की किल्ली पूर्ण फिरवतो आणि गाडी एकदा अंग झाडून उठते. पेट्रोलच्या जीपवरून आलेल्या माणसाला ही वाट पाहणं नवीन होतं. दुसरी नवी गोष्ट म्हणजे टाकी कधीही कोरडी पडू द्यायची नाही. डिझेल संपलं की नळ्यांत हवा शिरते, मग नुसतं तेल ओतून भागत नाही. फिल्टरचा स्क्रू सैल करून हाताने पंप मारत बसायचं, फेस थांबून स्वच्छ धार येईपर्यंत. ‘एअर काढणं’ हे दोन शब्द ज्याने एकदा रात्री रस्त्याच्या कडेला अनुभवले, तो पुन्हा टाकीचा काटा खाली जाऊ देत नाही.

मधल्या काळात रुळांनीही डिझेल पत्करलं, पण बरंच उशिरा. माधवरावांच्या दोन-फुटी मार्गावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस चित्तरंजनमध्ये बनलेली छोटी डिझेल इंजिनं आली. तोवर त्या मार्गाला समांतर धावणाऱ्या जीपगाड्यांनी डिझेलवर कित्येक हंगाम काढले होते.

टेम्पोची कथा थोडक्यात सांगायला हवी, कारण शब्दच मोठा प्रवासी आहे. टेम्पो हे हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव. तिच्या तीनचाकीचं उत्पादन नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ मध्ये गोरेगावला सुरू केलं, मग कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि १९६९ मध्ये तिथून डिझेलवरची मॅटाडोर निघाली. हलक्या मालगाडीत डिझेल आणण्याचं मोठं श्रेय तिला जातं. मराठीत टेम्पो म्हणजे सामान वाहणारी गाडी. ग्वाल्हेरात मात्र टेम्पो म्हणजे माणसं वाहणारी, विक्रम जातीची तीनचाकी, बाड्याहून स्टेशन आणि मुरारकडे धडधडत जाणारी. पुण्याहून आलेला पाहुणा ‘टेम्पोने या’ हे ऐकून आधी चमकतोच.

एवढं सगळं होऊनही डिझेलचा विजय निव्वळ इंजिनाच्या गुणावर झाला नव्हता. त्यामागे कराचा हात होता. ट्रक, बस, ट्रॅक्टर, पंप डिझेलवर, म्हणून डिझेलवर कर कमी. पेट्रोल मोटारवाल्यांचं, म्हणून त्यावर कर जास्त. ही सरकारी समजूत अनेक दशकं टिकली आणि लाखो गाडीमालकांचे निर्णय तिने परस्पर घेऊन टाकले. १ एप्रिल २००२ रोजी तेलाच्या भावांवरचं जुनं सरकारी नियंत्रण कागदोपत्री उठलं तेव्हा पंतप्रधान होते वाजपेयी, १९७३ च्या बैलगाडीवरचे. पण पुढे दोन-तीन वर्षांत जागतिक भाव चढले आणि सरकारं पुन्हा भाव धरून ठेवू लागली. जून २०१० मध्ये पेट्रोल मोकळं झालं, डिझेल बांधलेलंच राहिलं. परिणाम २०१२ च्या मे महिन्यात दिसला: दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे, डिझेल ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! त्या वर्षी जो डिझेलकडे वळला नाही त्याला लोक वेड्यात काढत.

मग दोर सैल सुटत गेला. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नासेक पैशांनी वाढू लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर्ण मोकळं झालं, जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. आणि २४ जून २०२० रोजी दिल्लीच्या पंपांवर पाटी लागली: पेट्रोल ७९.७६, डिझेल ७९.८८. इतिहासात प्रथमच राजधानीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग. तो फरक पुढे पुन्हा उलटला, पण ३२ रुपयांची ती दरी काही परत आली नाही.

त्याच वर्षी आणखी एक दार बंद झालं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे धूरनियम लागू झाले. त्यांची गरज ग्वाल्हेरइतकी कोणाला कळावी? २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या शहरांची हवेची आकडेवारी जाहीर केली, तेव्हा सूक्ष्म धूलिकणांच्या यादीत ग्वाल्हेर दुसऱ्या क्रमांकावर होतं, घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. कारणं अनेक: उडती धूळ, कचऱ्याची होळी, आणि त्यात बाड्याच्या कोंडीत उभ्या राहिलेल्या टेम्पो-ट्रकांचा काळा धूरही. शाळेतून सुटलेली पोरं तोंडावर रुमाल धरून त्यातून वाट काढत. हे दृश्य ज्याने पाहिलं, त्याला डिझेलचा हिशेब फक्त रुपयांत मांडणं जमणार नाही.

नव्या नियमांनी डिझेल इंजिनाच्या शेपटाला एक गाळणी लावली. लोक तिला डीपीएफ म्हणतात. काजळी तिच्यात अडकते आणि गाडी हमरस्त्यावर जरा वेळ तापून धावली की जळून जाते. गाडी दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारत राहिली, तर गाळणी तापतच नाही, काजळी साचते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग गाडी रिकामी घेऊन आग्रा रोडला फिरवून आणा, नाहीतर वर्कशॉप गाठा. पूर्वी थंडीच्या पहाटे नारिंगी ठिपक्याची वाट पाहायची, आता या दिव्याची धास्ती.

कंपन्यांनीही पावलं मागे घेतली. टाटांनी मे २००५ मध्ये पुण्याहून एस आणली होती: दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन, सोळा अश्वशक्ती, पाऊण टन माल, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. तीनचाकीवाल्याला तिने चार चाकं आणि बंद केबिन दिली, आणि ‘छोटा हत्ती’ हे नाव गल्लोगल्ली झालं. त्याच एसची पेट्रोल आवृत्ती २०२० मध्ये निघाली. मारुतीने २०१६ मध्ये सुपर कॅरी ७९३ सीसीच्या डिझेल इंजिनासह आणली, पण काही वर्षांतच डिझेल बंद करून पेट्रोल आणि सीएनजीवर आली. मोठ्या पिकअपमध्ये, बोलेरोसारख्या दीड टन उचलणाऱ्या गाड्यांत, डिझेलचं राज्य अजून टिकून आहे. म्हणजे १९७३ नंतर एकाच दिशेने धावलेली गर्दी आता दोन वाटांना फुटली आहे.

तेव्हा गोरखीच्या दारातल्या त्या मालकाने काय करावं? सोपे आकडे धरू. पेट्रोल १०८ रुपये, गाडी लिटरला १२ किलोमीटर: किलोमीटरला ९ रुपये. डिझेल ९६ रुपये, गाडी लिटरला १६: किलोमीटरला ६ रुपये. बचत ३ रुपये. आता डिझेलची गाडी १ लाख २० हजारांनी महाग पडते असं धरलं, तर तेवढे पैसे वसूल व्हायला ४० हजार किलोमीटर लागतील. जो दिवसाला १५० किलोमीटर पळवतो, शिवपुरी किंवा झाशीच्या फेऱ्या करतो, तो वर्षात तीनशे दिवस धरले तरी अकरा महिन्यांच्या आत मोकळा. त्यात झाशी पडते उत्तर प्रदेशात, तिथे मध्य प्रदेशापेक्षा तेलावरचा कर कमी, त्यामुळे परतताना टाकी भरून घेण्याची रीत आहेच. पण जो बाडा, दाल बाजार, हजिरा, मुरार एवढ्यातच फिरतो, दिवसाला चाळीस किलोमीटर, त्याला तेवढं अंतर कापायला तीन वर्षं चार महिने लागतील. आणि ही वर्षं छोट्या फेऱ्यांची, म्हणजे गाळणीच्या कटकटीची. त्याने डिझेलच्या मागे लागू नये. ज्याच्या वडिलांनी जीप डिझेलवर करून संसार उभा केला, त्याला हे पचायला जड जातं, पण वडिलांच्या वेळी भाव दुसरे होते, इंजिन दुसरं होतं आणि गाळणी नव्हतीच.

याला एकच जुना उपाय आहे, आणि तो जाणते मालक अजून करतात. गाडी बदलायच्या आधी एक महिना वही ठेवायची. दोन रुपयांचं पेन, शाळेतली चौकटीची वही, ती सीटखाली. रोज रात्री गाडी लावताना मीटरचा आकडा, कुठे गेलो, काय वजन होतं, तेल किती घातलं. सोमवार: दाल बाजार ते मुरार, तांदूळ, ३१ किलोमीटर. मंगळवार: लोहिया बाजार ते हजिरा, पत्रे, दोन फेऱ्या, २६. बुधवार: भाडं नाही. गुरुवार: मांडवाचं सामान, सराफा ते थाटीपूर, १९, तासभर कोंडीत इंजिन चालू. शुक्रवार: शिवपुरी, जाऊन-येऊन, २३५.

महिनाअखेरीस बेरीज करताना त्यातला शुक्रवार किती वेळा आला, तेवढं बोट ठेवून मोजायचं.